गच्चीवरचा हिशेब

सोलापूरकरांना उन्हाचे कौतुक नसते. मार्च उजाडला की सकाळी नऊलाच सावल्या भिंतींना चिकटून बसतात आणि एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेला तरी कोणी त्याची वार्ता करीत नाही. जुन्या गावातील माळवदाची घरे आणि त्यांच्या जाड भिंती म्हणजे आपल्या पूर्वजांनी उन्हाशी केलेला तहच होता. पुढे सिमेंटच्या गच्च्या आणि पत्र्याची छपरे आली, तो तह मोडला आणि माणसे पंख्याखाली व कूलरसमोर येऊन बसली. अर्थात विजेच्या बिलासमोर येऊन बसली. या गावात धर्मगुरू म्हणून वावरताना घराघरांतून जी गाऱ्हाणी कानी येतात त्यांत आजारपण, मुलांचे शिक्षण आणि विजेचे बिल असा बहुधा क्रम असतो. उन्हाळ्यात मात्र बिल पहिल्या जागी येते.

जे ऊन छळते त्यानेच हे बिल भरावे, ही कल्पना कोणालाही गोड वाटेल अशीच आहे. १९ जानेवारी २०२४ रोजी शहरालगतच्या कुंभारी येथे रे नगर या वसाहतीतील १५,००० घरे विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक अशा कष्टकऱ्यांना पंतप्रधानांच्या हस्ते सुपूर्द झाली. गावात त्या समारंभाची चर्चा चालू असतानाच तीन दिवसांनी, २२ जानेवारीला, देशातील एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसविण्याची घोषणा झाली आणि १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ या नावाने ती योजना सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये आणि त्याहून कितीही मोठा संच बसवला तरी एकूण ७८,००० रुपयेच, असे केंद्र सरकारचे अनुदान ठरले. आमच्या धर्मग्रामातील काही तरुणांनी माहिती गोळा केली, एका विक्रेत्याकडून दरपत्रक आणले आणि मला म्हणाले, “फादर, तुम्ही एकदा सांगितलेत तर लोक ऐकतील.”

मी सांगितले, आणि लोकांनी ऐकले. त्या ऐकण्याचे पुढे काय झाले, ते या लेखात सांगावयाचे आहे.

२०२४ च्या पावसाळ्यातील तो एक रविवार होता. मिस्सा संपल्यावर सूचना देण्याच्या वेळी मी जरा सविस्तरच बोललो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लौदातो सी’ या परिपत्रातून सृष्टीच्या जतनाविषयी जे आवाहन केले त्याची आठवण दिली. व्हॅटिकनमधील सहावे पॉल यांच्या नावाच्या सभागृहावर २००८ साली सुमारे २,४०० सौर पॅनेल बसवण्यात आली, हेही सांगितले. शहराच्या दक्षिणेस एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे; तेथे कोळसा जळतो तेव्हा आपला पंखा फिरतो, हे निदर्शनास आणून दिले. इथवर सगळे ठीक होते. त्यानंतर मी आकडे सांगितले.

माझे गणित असे होते. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटे वीज देते. दोन किलोवॅटची आठ, महिन्याची दोनशे चाळीस. युनिटाला सरासरी दहा रुपये धरले तर महिन्याला चोवीसशे आणि वर्षाला जवळजवळ एकोणतीस हजार रुपये वाचतात. संचाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. साठ हजारांचे अनुदान वजा जाता पासष्ट हजार उरतात. ते सव्वादोन वर्षांत फिटतात आणि पुढची वीस-बावीस वर्षे वीज फुकट. “प्रत्येक घराने दोन किलोवॅटचा विचार करावा,” असे म्हणून मी समारोप केला. पुण्याच्या सेमिनरीत आम्हांला तर्कशास्त्र शिकवणारे फादर त्या वेळी समोर असते तर त्यांनी तेथल्या तेथे हात वर केला असता. परंतु समोर बसलेल्यांपैकी कोणीही हात वर केला नाही. वेदीजवळून बोलणाऱ्याला सहसा कोणी अडवीत नाही.

वर्षभराने, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, एके दिवशी दुपारी आमच्या धर्मग्रामातील एक मावशी माझ्या कार्यालयात आल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यावर मावशी कुटुंबनिवृत्तिवेतनावर आणि थोड्याफार शिवणकामावर घर चालवतात. घरात त्या आणि त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, अशा दोघीच. मावशींनी पिशवीतून एक फाईल काढून टेबलावर ठेवली. तीत वीजबिले तारखेप्रमाणे लावलेली होती आणि बँकेचे पासबुकही होते.

“फादर, माझं काही चुकलंय का बघा की,” त्या म्हणाल्या. “पॅनल बसवायच्या आधी मला महिन्याला पावणेआठशेच्या आसपास बिल यायचं. आता दीडशे येतं. पण बँकेचा हप्ता बाराशे नव्वद जातो. म्हणजे आधी पावणेआठशे जात होते, आता चौदाशे चाळीस जातात. तुम्ही तर वाचतील म्हणाला होता.”

मी फाईल उघडली. पॅनेल बसण्याआधी त्यांच्या घरात महिन्याला सुमारे नव्वद युनिटे वीज लागत होती. दोन दिवे, दोन पंखे, एक लहान फ्रीज आणि शिलाई यंत्राची मोटार. माझे चोवीसशे रुपये त्यांच्या घरी कोठून वाचणार होते? ज्या घराचे सगळे बिलच पावणेआठशे रुपयांचे, त्या घराचे चोवीसशे वाचतील असे मी दोनशे माणसांसमोर सांगितले होते, आणि हे समजण्यासाठी मला वर्षभर थांबून एका विधवा स्त्रीची फाईल पाहावी लागली.

मी त्यांना म्हणालो, “मावशी, तुमचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “दुकानातनं हा आकडा ऐकला असता तर मी चार ठिकाणी विचारलं असतं, घासाघीस केली असती. तुम्ही चर्चमधनं सांगितलंत, म्हणून विचारलं नाही.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते. हप्त्यातला फरक मी माझ्याकडून देऊ केला, तर त्यांनी फाईल मिटली. “तसलं काही नको. आता यातनं काय करायचं तेवढं सांगा.” मी चार दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या चार दिवसांत आणि पुढच्या महिन्याभरात जे मी आधी शिकावयास हवे होते ते शिकलो. आमच्या धर्मग्रामातील एक वीजतंत्री आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका यांनी मला शिकवले. ते येथे मांडतो, कारण माझ्यासारखी चूक करू शकणारे वाचक या अंकाला थोडे नसतील.

माझी मुख्य चूक ही की मी हिशेब गच्चीपासून सुरू केला. पॅनेल किती वीज देईल, हा प्रश्न मी पहिला विचारला. तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, या घरात आज किती वीज विकत घेतली जाते आणि कोणत्या दराने. पैसा वाचतो तो मुख्यतः न घेतलेल्या युनिटांचा. जी युनिटे आपण कधी विकत घेतच नव्हतो ती पॅनेलने तयार केली तर त्यांचे मोल अगदी निराळे असते.

महावितरणचे घरगुती बिल पायऱ्यापायऱ्यांचे आहे. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, त्यापुढील तीनशेपर्यंत दुसरा, मग पाचशेपर्यंत तिसरा, आणि त्यावर चौथा. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिली पायरी युनिटाला सहा रुपयांच्या आसपास आणि दुसरी अकराच्या आसपास पडते. दर वेळोवेळी बदलतात, परंतु पहिल्या पायरीवरून दुसरीवर पाय ठेवताच दर जवळजवळ दुप्पट होतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या सर्वांवर सोळा टक्के वीजशुल्क बसते. शिवाय स्थिर आकार आहेच. तो शे-सव्वाशे रुपयांच्या घरात असतो आणि एकही युनिट वापरले नाही तरी भरावा लागतो. म्हणून ‘बिल शून्य होईल’ असे जो सांगतो त्याने स्थिर आकाराची ओळ वाचलेली नसते. मावशींचे दीडशे रुपये ते हेच.

आता मावशींचा खरा हिशेब पाहा. नव्वद युनिटे, सहा रुपये दराने पाचशे चाळीस. त्यावर शुल्क धरून सव्वासहाशे. महिन्याला वाचतात ते एवढेच. त्यांचा संच सरासरी दोनशे चाळीस युनिटे देतो. नव्वद त्यांच्या बिलातून वळती होतात आणि दीडशे उरतात. नेट मीटरच्या व्यवस्थेत ही उरलेली युनिटे पुढच्या महिन्याच्या खात्यावर जातात आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस, ३१ मार्चला, जी शिल्लक राहते ती वीज कंपनी आपल्याकडून घेते. परंतु तो दर आपल्या खरेदीच्या दरापेक्षा पुष्कळ कमी असतो. अगदी तीन रुपये धरले तरी दीडशे युनिटांचे साडेचारशेच होतात. वाचलेले सव्वासहाशे आणि हे साडेचारशे मिळून पावणेअकराशे. मी सांगितले होते चोवीसशे, आणि हप्ता बाराशे नव्वद.

मावशींनी एकाच किलोवॅटचा संच घेतला असता तर? किंमत सत्तर हजारांच्या आत, अनुदान तीस हजार, पदरचे अडतीस हजार. महिन्याला एकशेवीस युनिटे तयार झाली असती, त्यांची नव्वद युनिटांची गरज पुरी भागली असती आणि बिलातले तेच सव्वासहाशे रुपये वाचले असते. पाच वर्षांच्या कर्जावर हप्ता साडेसातशेच्या आसपास बसला असता. म्हणजे उरलेल्या तीस युनिटांचे थोडे पैसे धरून पदरचे फारसे काही गेले नसते. पासष्ट हजारांचे कर्ज त्यांनी पाच वर्षांच्या मुदतीने काढले. दहा वर्षांची मुदत घेतली असती तर तोच हप्ता साडेसातशेवर आला असता, मात्र एकूण व्याज वाढले असते. यातील एकही पर्याय मी त्या रविवारी उच्चारला नव्हता. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या घरांना एक किलोवॅटच्या संचासाठी राज्याचे वाढीव अनुदान देणारी ‘स्मार्ट’ नावाची योजना मंजूर केली. शंभर युनिटांच्या आतल्या घराला एक किलोवॅट पुरतो, हे त्या योजनेतही गृहीत धरलेले आहे. ती आली तेव्हा मावशींच्या गच्चीवर दोन किलोवॅट कधीच चढले होते.

याच्या उलट उदाहरणही आमच्याच धर्मग्रामात आहे. एका एकत्र कुटुंबात महिन्याला तीनशे युनिटे लागतात. पहिल्या शंभरांचे सहाशे, पुढच्या दोनशेंचे बावीसशे. त्यांनी दोन किलोवॅटचा संच घेतला तर दोनशे चाळीस युनिटे वळती होतात, आणि ती वरून, म्हणजे महागड्या पायरीपासून कमी होत जातात. दोनशे युनिटे अकराच्या दराची, चाळीस सहाच्या दराची. शुल्क धरून महिन्याला अठ्ठावीसशे आणि वर्षाला चौतीस हजार वाचतात. पासष्ट हजार दोन वर्षांच्या आत निघतात. या घरापुरते माझे भाकीत खरे ठरलेच, उलट थोडे कमीच पडले. परंतु त्यांनी मोठे अनुदान पाहून तिसरा किलोवॅट घेण्याचे ठरवले तर त्यासाठी पदरचे आणखी पंचेचाळीस हजार लागतात, आणि तो तिसरा किलोवॅट वाचवतो ती खालच्या पायरीवरची साठच युनिटे: वर्षाला पाच हजार रुपये. त्याचे पैसे फिटावयास नऊ वर्षे हवीत. जास्तीची युनिटे विकली असे धरले तरी सहा-सात. एकाच गच्चीवर शेजारी शेजारी बसलेली तीच पॅनेले. पण पहिल्या दोन किलोवॅटांची कमाई आणि तिसऱ्याची कमाई यांत एवढे अंतर पडते.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट येथेच आहे. ज्याच्या घरी वातानुकूलन यंत्र चालते त्याचा संच दोन वर्षांत मोकळा होतो. जी बाई दिवा जपून लावते तिला पाच-सहा वर्षे लागतात. यात कोणी लबाडी केलेली नाही. दरांच्या पायऱ्या मुळात गरिबाला स्वस्त वीज मिळावी म्हणूनच आहेत, आणि जी वीज आधीच स्वस्त आहे ती वाचवून फारसा पैसा वाचत नाही. परंतु त्यामुळेच सर्वांना एकच आकडा सांगणारा माणूस नकळत श्रीमंताच्या घरचा हिशेब गरिबाच्या हाती देतो. मी तेच केले होते.

आता दुसरा प्रश्न, गच्चीचा. किलोवॅटमागे चार युनिटे ही वर्षाची सरासरी आहे. रोजची हमी नव्हे. सोलापूर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात असले तरी जुलै-ऑगस्टमध्ये ढग दाटतात आणि आकडा खाली येतो. सोलापूरकरांना आश्चर्य वाटेल ते पुढे आहे. पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. त्यावर लिहिलेली शक्ती पंचवीस अंश तपमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे दर तीन अंशांमागे सुमारे एक टक्का घट होते. कडक उन्हाळ्यातील दुपारी गच्चीवरचे पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापते, म्हणजे शेकडा बारा-तेरा एवढे उत्पन्न नुसत्या तापण्यात जाते. म्हणून ते गच्चीला किंवा पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल असे उंचावर बसवावे लागते.

दुसरे धूळ. आपल्याकडे उन्हाळ्यात दोन आठवड्यांत पॅनेलवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ साचते आणि उत्पन्न घटते. धुवावे म्हटले तर शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. मावशी सकाळी ऊन चढण्याआधी ओल्या फडक्याने पॅनेले पुसतात. एका बादलीत भागते. तिसरे सावली. शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी त्या ओळीतील इतर पॅनेलांचे उत्पन्नही मागे पडू शकते. दरपत्रक देणारा सकाळी दहाला येऊन गच्ची पाहून जातो. सावली दुपारी चारला येते. गच्ची आपली आपण दिवसातून तीनदा पाहावी.

आणखी एक गैरसमज धर्मग्रामात सर्वत्र आढळला. वीज गेली तरी आपल्याकडे दिवे राहतील, असे अनेकांना वाटत होते. बॅटरीविना बसवलेला, महावितरणच्या तारेला जोडलेला संच तारेतील वीज जाताच स्वतः बंद होतो. तो बंद व्हावाच लागतो. नाहीतर खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनच्या अंगात आपल्या गच्चीवरची वीज जाईल. बॅटरी घेतली तर दिवे राहतात, परंतु खर्च पुष्कळ वाढतो. आणि पॅनेल पंचवीस वर्षे टिकले तरी त्याचे उत्पन्न दरवर्षी किंचित घटत जाते; इन्व्हर्टर मात्र बहुधा तेवढा टिकत नाही, मध्येच एकदा तरी बदलावा लागतो. त्याचे पैसे आजच बाजूला टाकावयास हवेत. शेवटी, ज्यांच्याकडे रोख रक्कम आहे त्यांनीही हे पाहावे की तीच रक्कम ठेवीत ठेवली असती तर किती व्याज आले असते. वाचलेल्या रकमेतून ते व्याज वजा केल्यावर जे उरते ती खरी बचत.

वाचकहो, हे सर्व वाचून कोणी सौर पॅनेलांच्या विरुद्ध मत करून घेऊ नये. माझे मत आजही अनुकूलच आहे. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये व्हॅटिकनच्या विजेसाठी रोमजवळील सांता मारिया दी गालेरिया येथे शेतजमिनीवर सौर प्रकल्प उभारण्याचा आदेश काढला आणि त्याला ‘बंधू सूर्य’ हे नाव दिले. ते वाचून मला आनंदच झाला. परंतु काम चांगले असले म्हणून त्यासाठी सांगितलेला चुकीचा आकडा बरोबर ठरत नाही. लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधावयास निघालेल्या आणि आधी खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा जो दाखला आहे त्यावर मी आजवर कितीदा प्रवचन केले असेल. त्या दाखल्यातील माणूस स्वतःच्या बुरुजाचा हिशेब स्वतः बसून करतो. मी दुसऱ्यांच्या बुरुजाचा हिशेब उभ्या उभ्या केला होता.

चार दिवसांनी मावशींकडे गेलो तेव्हा वीजतंत्री आणि बँकेतले काका बरोबर होते. उपाय फार मोठा नव्हता. महिन्याला जी दीडशे युनिटे कमी दराने जातात ती घरातच उपयोगी लावावी. दोघींचा स्वयंपाक विजेच्या शेगडीवर झाला तर गॅसचे सिलिंडर कितीतरी जास्त दिवस पुरेल. म्हणजे जे युनिट कंपनी तीन रुपयांना घेते ते आपल्या चुलीत त्याहून अधिक मोलाचे ठरेल. शेगडी आणि तिच्यावर चालणारी दोन भांडी घ्यावी लागतील. तो खर्चही काकांनी हिशेबात धरला. मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “शेगडी बघते. पण कूलर बंद करा म्हणू नका.”

“कोणता कूलर?” मी विचारले.

तेव्हा कळले की माळ्यावर यजमानांच्या वेळचा एक कूलर आठ वर्षे पडून होता. बिलाच्या धास्तीने तो कधी लावला नव्हता. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांनी तो खाली काढला, दुरुस्त करून घेतला आणि सासूबाईंच्या खोलीत लावला. “म्हातारीच्या पाठीला दर उन्हाळ्यात जखमा व्हायच्या. यंदा झाल्या नाहीत,” त्या म्हणाल्या. काकांनी पेन उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. कूलरने जेवढी युनिटे खाल्ली तेवढी वर्षाअखेरीस विकता येणारी युनिटे कमी झाली. आमच्या कागदावर ती तूटच होती.

ती तूट मी माझ्या बाजूने जमेस धरीत नाही, हे स्पष्ट सांगावयास हवे. म्हातारीच्या पाठीला आराम मिळाला तो मावशींच्या सेवेमुळे आणि त्या भरीत असलेल्या हप्त्यामुळे. एका किलोवॅटच्या संचावरही तो कूलर चालला असता. एप्रिल-मेचे बिल थोडे वाढले असते, इतकेच.

२०२५ च्या नोव्हेंबरात आम्ही धर्मग्रामाच्या सभागृहात एक बैठक घेतली. या वेळी मी कोणताही आकडा सांगितला नाही. प्रत्येक घराने मागील बारा महिन्यांची वीजबिले आणावीत, एवढीच सूचना होती. उन्हाळ्याचे एक बिल किंवा पावसाळ्याचे एक बिल पुरत नाही; बाराही हवीत. बैठकीच्या आरंभी माझी चूक मी सर्वांसमोर सांगितली. त्यानंतर मावशी आपली फाईल घेऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन बिले वाचून दाखवली, पॅनेलच्या आधीचे आणि नंतरचे, आणि मग पासबुकातील हप्त्याची ओळ. माझ्या प्रवचनापेक्षा ते तिन्ही आकडे लोकांनी अधिक लक्ष देऊन ऐकले.

त्या संध्याकाळी टेबलाटेबलांवर हिशेब झाले. काही घरांना दोन किलोवॅट योग्य ठरले, काहींना एकच. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना आणि ज्यांच्या गच्चीवर दुपारनंतर शेजारच्या इमारतीची सावली येते अशांना आम्ही थांबा म्हणालो. एक तरुण जोडपे थोडे हिरमुसले. त्यांचे बिल साडेचारशे रुपयांचे होते. त्यांना काकांनी सांगितले, “आधी जुना पंखा बदला. कमी वीज खाणारे पंखे आलेत. त्याचे पैसे लवकर निघतील.” वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून तीन दरपत्रके घ्यावीत, पॅनेल आणि इन्व्हर्टर यांची हमी लेखी घ्यावी, नेट मीटर बसेपर्यंत पैशाचा शेवटचा भाग देऊ नये, असेही ठरले.

मावशी आता दर महिन्याला बिल आले की रविवारी मिस्सानंतर ते मला दाखवतात. माझ्या टेबलाच्या खणात एक वही आहे. तीत मी त्यांची युनिटे लिहून ठेवतो, तयार झालेली, वापरलेली आणि उरलेली. शेगडी त्यांनी नाताळाच्या आधी घेतली. हप्त्याची सुमारे चार वर्षे अजून बाकी आहेत. गेल्या खेपेला त्यांनी वहीत डोकावून माझी बेरीज तपासली आणि एक हातचा राहिला होता तो दाखवून दिला.